चंबूतलं धुकं

काच खोटं बोलत नाही. आमच्या कारखान्यात ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. म्हणून त्या सकाळी नातीने आदल्या दिवशी फुगवलेला चंबू मी खिडकीच्या उजेडात धरला आणि आतल्या अंगाला, तळाशी, दुधाचं भांडं नुसतं हिसळून ठेवावं तसा पांढुरका थर दिसला, तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते थाप मारायचं. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच. गॅस ओला असेल. काचेची नळी धुताना कुणी आळस केला असेल. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला असेल. मी चंबू फिरवून पाहिला, तर थरही त्याच्याबरोबर फिरला, म्हणजे डोळा निर्दोष सुटला. आम्ही प्रयोगशाळांसाठी सामान करतो, चंबू, नळ्या, वाफ थंड करायची, पोटात नागमोडी वेटोळं असलेली शीतकं. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, तिच्या टोकाला रबरी नळी जोडायची, रबरी नळीचं दुसरं टोक दातांत धरायचं, आणि हातांनी काच फिरवत फिरवत फुंकायचं. फुंकर जास्त झाली की काच फाटते, कमी झाली की स्वतःवरच कोसळते. म्हणजे जगातलं कुठलंही रसायन ज्या चंबूत उकळतं, तो चंबू आधी कुणाच्या तरी छातीतून बाहेर आलेला असतो, असं मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. ती माझी एकमेव खरी गोष्ट होती आणि नेमकी तीच कुणाला पटायची नाही.

मी तिची रबरी नळी उचलली. नळीचं टोक ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याचं तोंडाला लावायचं नाही, दात घासायच्या ब्रशासारखं. तरी मी नाकाशी धरलं. टरबुजाचा वास आला. खऱ्या टरबुजाला इतका वास कधी येत नाही. हे टरबूज कुणीतरी पिळून, साखरेत मारून, पुन्हा जिवंत केलेलं होतं. रबराच्या आतून, तिच्या दातांच्या खुणांमधून तो गोड वास माझ्या टाळूला चिकटला. या नातीला आम्ही टिचकी म्हणतो. रांगत होती तेव्हापासून हाताला येईल त्या भांड्यावर नखाने टिचकी मारायची आणि कान लावायची. तडा गेलेली काच बद्द वाजते, धड असलेली लांबपर्यंत गात राहते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी लेक, दातांच्या दवाखान्यात कामाला; तिचा बाप तिच्या जन्माआधीच दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या संसारात. शाळा सुटल्यावर पोर माझ्याकडे यायची, माझ्या बाकाखाली बसायची आणि मी थापा मारायचो. माझ्या उस्तादांनी एकदा इतका पातळ फुगा फुंकला की तो हातातून सुटला आणि खिडकीबाहेर गेला. समोरच्या बाईने साबणाचा समजून बोटाने फोडला, आणि तिचं ते बोट अजून अंधारात चमकतं. टिचकी विचारायची, कुठलं बोट. मी विचारात पडायचो. खोट्यातही तिला तपशील लागायचा. आता कॉलेजात जायला लागली होती, दुपारनंतर ज्योतीवर बसायची, आणि तिची फुंकर माझ्यापेक्षा सरळ होती. गेले काही महिने ती मधेच थांबत होती हे मी पाहिलं होतं. सारखी बाथरूमला जायची. हात बारीक थरथरायचे. वेटोळ्याची काच तीनदा तिच्या हातात कोसळली. मी म्हटलं वय आहे, कुणीतरी आवडत असेल. ही माझी आणखी एक थाप.

कॉलेजला सुट्टी म्हणून ती सकाळीच आत आली तेव्हा माझ्या हातात काचेची कांडी होती आणि कांडीचं टोक ज्योतीत होतं. का होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कामाला सुरुवात झाली नव्हती. मी चंबू तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, बघ. तिने सवयीने नखाने टिचकी मारली, आवाज स्वच्छ आला, ती म्हणाली छान झालाय की. मग उजेडात धरला. नळी धुतली नसेल, ती म्हणाली. गॅस ओला असेल. तिने माझ्याच थापा माझ्याच क्रमाने मला सांगितल्या, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, बाहेर काढ. तिने आधी काय म्हणून विचारलं, मग खांदे उडवले, मग खिशातून ते काढलं, पोरं ज्याला व्हेप म्हणतात. मजकुरावर पिवळ्या रेघा मारायच्या पेनासारखं गुबगुबीत, गुलाबी, लहान मुलाच्या खेळण्यासारखं. तोंडाकडचं टोक चपटं. माझ्या सगळ्या आयुष्याची हत्यारं मला आठवली, चिमटे, करवत, हिऱ्याची टोच, आणि त्यातलं एकही इतकं निरुपद्रवी दिसत नव्हतं.

"नुसती वाफ असते, आजोबा," ती म्हणाली. "सगळेच ओढतात. धूर नाही, काही नाही."

उस्तादांची शिकवायची एक रीत होती. शिकाऊ चुकला की ते बोलायचे नाहीत. कांडी ज्योतीत धरायचे, टोक नारिंगी झालं की शांतपणे त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, मोजकं, सही केल्यासारखं. मांसाचा वास यायचा आणि ते म्हणायचे, आता विसरणार नाहीस. माझ्या डाव्या हातावर अशा सह्या आहेत. लोकांना मी सांगत आलो की ते विंचू चावल्याचे डाग आहेत, एका पेटीत विंचू आणि मी कसे कोंडले गेलो त्याची एक लांबलचक गोष्टही आहे. खरं म्हणजे मी उस्तादांवर प्रेम केलं, आणि जिथे जिथे त्यांनी भाजलं तिथली चूक पुन्हा कधी केली नाही, आणि हीच गोष्ट माझ्या हातात इतकी वर्षं झोपून होती. आता ती जागी झाली. कांडीचं टोक नारिंगी होतं. ते ज्योतीतून बाहेर आलं होतं. ते टिचकीच्या मनगटाकडे निघालं होतं, सावकाश, अगदी मायेने, आणि मी ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं पाहत होतो. तिचं मनगट बाकावर उताणं पडलेलं, निळी शीर, वर दंडावर बालपणी टोचलेल्या लशीचा डाग. तिने हात मागे घेतला नाही. तिला वाटलं मी काही दाखवतोय. इतका विश्वास अंगावर आला की माणसाला ओकारी येते. मी कांडी वाळूत खुपसली. वाळू चर्र झाली. आणि मग, हात रिकामा राहवेना म्हणून, मी तिच्या बोटांतून ते गुलाबी पेन हिसकावलं आणि चिमट्यात धरून ज्योतीत घातलं.

ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूस करू शकतो. दुसऱ्या कुणी ते खिडकीबाहेर फेकलं असतं, पायाखाली चिरडलं असतं, गटारात टाकलं असतं. माझी मात्र अख्खी हयात ही समजूत की जगात जे काही वाकडं आहे ते ज्योतीत धरलं की मऊ होतं आणि हवं तसं वळवता येतं. त्याच्या पोटात बॅटरी असते हे मला ठाऊक होतं का. ठाऊक असायला हवं होतं. प्लॅस्टिक आधी काळं पडलं, मग गळालं, टरबुजाचा वास जळक्या केसांच्या वासात मिसळला, एक बारीक शिट्टी ऐकू आली, चहाच्या किटलीसारखी, घरगुती, आणि मग चिमट्याच्या टोकावर पांढरी आग फुटली. माझा तळहात मला दिसला, मग दिसेनासा झाला. बाकावरचे चंबू एकामागून एक फुटले, रांगेत उभ्या माणसांना कुणी कानफटात मारत जावं तसे. मी गॅसची तोटी कशी बंद केली ते हातालाच माहीत. धूर निवळला तेव्हा टिचकीच्या भुवईच्या वर काचेची एक कपची उभी होती आणि रक्त डोळ्यात, नाकाच्या कडेने ओठात, हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होतं.

ती रडत नव्हती. मला हाक मारत नव्हती. माझ्या हाताकडे, ज्याची कातडी मोज्यासारखी सुटत होती, तिने पाहिलंही नाही. ती गुडघ्यांवर बसली होती आणि फुटक्या काचेतून हात फिरवत होती, भराभर, पद्धतशीर, दळणात खडा शोधतात तशी. मला वाटलं डोळ्यात रक्त गेलंय, चष्मा शोधतेय. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. मग तिला ते सापडलं, त्या पेनाच्या पोटातली कापसाची अर्धवट जळलेली वात, तपकिरी रसाने भिजलेली. तिने ती बोटांत धरली, रक्ताची, काचेच्या भुग्याची, आणि तोंडाकडे नेली. अर्ध्या वाटेत माझं लक्ष आहे हे तिला कळलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. युद्धात माणसं कशी दिसत असतील याच्या मी पुष्कळ गोष्टी रचल्या आहेत. त्यातल्या एकाही माणसाला असा चेहरा द्यायचं मला सुचलं नव्हतं. त्या क्षणी मला जे कळलं ते असं की कांडी मी टेकवली असती तरी काही झालं नसतं. तिने मनगट भाजून घेतलं असतं आणि बाथरूमला गेली असती.

लेकीने दोघांना दवाखान्यात नेऊन टाके घालून, पट्ट्या बांधून आणलं आणि घरी आल्यावर माझ्याशी एकच वाक्य बोलली. बाबा, ती पुन्हा तुमच्या कारखान्यात पाऊल टाकणार नाही. मी मान हलवली. तिने टिचकीची खोली उलटीपालटी केली. गादीच्या शिवणीत, कंपासपेटीत, चपलेच्या खोक्यात तशीच आणखी निघाली, हिरवी, जांभळी, आइस्क्रीमसारखी. ती कुठून येतात ते टिचकीने सांगितलं, अगदी सहज, जणू दूध कुठून येतं ते सांगावं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे, गल्ल्याखालच्या खणात, नोट्सच्या गठ्ठ्यात घालून देतो. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. पट्टी बांधलेल्या हाताने मी त्याची मान धरली, त्याचं तोंड यंत्राच्या काचेवर दाबलं, झाकण आपटलं, पुन्हा आपटलं, आणि हिरवा उजेड त्याच्या फुटलेल्या नाकाखालून सरकत राहिला, प्रत बाहेर, आणखी एक प्रत बाहेर, प्रत्येक प्रतीत त्याचे दात थोडे कमी. शेजारपाजारच्यांना मी हे असंच सांगितलं. प्रत्यक्षात तो तरणा पोरगा मला काका म्हणाला, हाताला काय झालं विचारलं, मला बसायला स्टूल दिलं. मी दवाखान्याच्या चिठ्ठीची एक प्रत काढून घेतली आणि परत आलो. लेकीने मात्र, न सांगता, न ओरडता, रीतसर तक्रार दिली आणि कॉलेजच्या मुख्य बाईंना जाऊन भेटली. तो खण नंतर रिकामा झाला. माझी लेक माझ्यावर गेलेली नाही हे देवाचे उपकार.

तरुण मुलांची व्यसनं सोडवणारा एक दवाखाना आहे, तिथली सल्लागार बाई सर्दीने हैराण झालेली होती आणि नाक पुसत पुसत बोलत होती. तिने टिचकीला काय ओढतेस, किती ओढतेस विचारलं नाही. तिने विचारलं, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कधी.

"डोळे उघडायच्या आधी," टिचकी म्हणाली. "उशीखाली असतं ना."

लेक उठून खिडकीशी गेली. टिचकी बोलत राहिली, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तशी. पहिल्यांदा मजा म्हणून. मग मजा गेली, नुसतं बरं वाटायला. मग बरंही वाटेना, नुसतं वाईट न वाटायला. बाईने मान डोलावली. ती म्हणाली की वाफ हे नुसतं नाव आहे, आत निकोटीनच असतं, कधी कधी सिगरेटच्या पाकिटाला लाजवील इतकं, आणि या वयात मेंदू अजून ओल्या मातीसारखा असतो. औषध, दंडावर चिकटवायची निकोटीनची पट्टी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. पण खरी लढाई तलफ येते तेव्हाची. ती उसळते, वाटतं की आता मरणार किंवा कुणालातरी मारणार, आणि मग काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा, हाताला काम द्यायचं, तोंडाला काम द्यायचं. आणि घसरलीस, तर लपवायचं नाही. घसरणं चालेल, लपवणं नाही. मग ती माझ्याकडे वळली. आजोबा, तुम्ही पोलीस व्हायचं नाही. तुम्हाला काय येतं. मी म्हटलं, मला काच फुंकता येते आणि थापा मारता येतात. ती पहिल्यांदाच हसली, शिंकली, आणि म्हणाली दोन्ही उपयोगी आहे. लेकीला तिने समजावलं की मुलीला तिच्या कामापासून तोडू नका. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिने मला माफ केलं नव्हतं, नुसतं कामाला लावलं होतं.

आणि मग तलफ आमच्या घरात राहायला आली. मी असं काही पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलंही पाहिल्यासारखं सांगण्यात माझा हातखंडा आहे. ती दारं आपटायची ती बिजागरी निखळेपर्यंत. आईच्या दंडावर चावली. आरशावर डोकं आपटलं, भुवईचे टाके उसवले. रात्रंदिवस घाम, आणि मधेच लहान मुलासारखी माझ्या अंगावर येऊन झोपायची, आणि झोपेत तिची बोटं उशीखाली चाचपत राहायची. एकदा तिने जेवणाचं ताट माझ्यावर फेकलं. मला तुम्ही म्हणणारी पोर तूवर आली.

"तुझ्या सगळ्या गोष्टी खोट्या," ती म्हणाली. "ती वाफ तरी खरी होती. आत जायची. तू कधी आत गेलास का कुणाच्या."

मी कानाच्या पाळीवरचं वरण पुसत बसलो. राग आला नाही असं म्हणणार नाही; हाताची नवी, गुलाबी, पातळ कातडी आपोआप मुठीत वळली. पण त्या वाक्यात एक तपशील होता, मी कधी कुणाच्या आत गेलो नव्हतो, आणि तो बरोबर होता. आमच्या कारखान्यात एक रीत आहे, उस्तादांच्याही आधीची. बिघडलेला नग ज्याने केला त्यानेच फोडायचा. दुसऱ्याने फोडला तर तो अपमान, आणि न फोडता ठेवला तर ती लबाडी. मी ती रीत कधी पाळली नाही. माझे बिघडलेले नग मागच्या खोलीत फळ्यांवर ठेवलेले आहेत, तिरकी शीतकं, कुबड आलेले चंबू, आणि पाहुण्यांना मी सांगत असे की हे एका वेड्या शास्त्रज्ञाने मुद्दाम तसे मागवले होते. त्या दिवशी मी तिला तिथे घेऊन गेलो, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवला, चामड्याचे हातमोजे दिले, हातोडी दिली. रीत मोडतेय, ती म्हणाली, हे तुझे आहेत. मी म्हटलं, माझ्याच्याने फोडवत नाहीत. तू माझा हात हो.

पहिला चंबू तिने हातोडीने फोडला नाही, भिंतीवर मारला. मग हातोडीने. मग दोन्ही हातांनी. काचेचा पाऊस मुखवट्यावर खडखडत होता, पायांखाली कुरकुरत होता, आणि ती शिव्या देत होती, आईला, मला, झेरॉक्सवाल्याला, टरबुजाला. मी दाराशी उभा राहून गोष्ट सांगायला लागलो. त्या कुबड्या चंबूची. शास्त्रज्ञाला ढगाची अंडी उबवायची होती, ढगाला कुबड असतं म्हणून. ती ओरडली, ढगाला अंडं नसतं. मी म्हटलं, म्हणून तर तो वेडा. काच फुटत होती आणि मी गोष्ट लांबवत होतो, अंडं उबलं, ढग बाहेर आला, ढगाला भूक लागली, कारण तिचा हात अजून कापत होता, आणि गोष्ट संपू द्यायची नव्हती. हात कापायचा थांबला की गोष्ट संपवायची, हे मला पहिल्यांदाच कळलं. आयुष्यभर मी लोकांचा वेळ घेत आलो. वेळ काढून देता येतो हे माहीत नव्हतं. हळूहळू फळ्या रिकाम्या झाल्या, तलफ लांबलांबून यायला लागली, यायची तेव्हा तितकीच दांडगी यायची, पण दार वाजवून. लेक कधी कधी कामावरून थेट कारखान्यात यायची, दाराबाहेर उभी राहून खळखळाट ऐकायची आणि मग आत न येता घरी जाऊन भात टाकायची.

मग ती परत ज्योतीवर बसली. पहिले चंबू बसके झाले, तिने ते फोडले. मग बरे झाले. फुंकर परत आली, सरळ, लांब, मधे न अडखळणारी, आणि मी बाकाच्या पलीकडून तिचा श्वास ऐकत राहायचो, दुसऱ्या कुणाच्या घरात दिवा लागलेला पाहावा तसा. तिला वेटोळ्याचं शीतक करायचं होतं, ज्याची काच तीनदा कोसळली होती ते. आणि एक दिवस तिने ते केलं. नळीत नळी, आतली नागमोडी, कुठे चपटलेली नाही, कुठे फाटलेली नाही. काच सावकाश थंड करायच्या पेटीतून काढून तिने ते माझ्या हातात दिलं आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

मी उजेडात धरलं. वेटोळ्याच्या शेवटच्या वळणात, अगदी आत, जिथे कुणी पाहणार नाही तिथे, धुकं होतं. दुधाइतकंही नाही. खिडकीच्या काचेजवळ कुणी नाव घ्यावं आणि तोंडाची वाफ विरून जावी इतकं. मी फिरवलं, तेही फिरलं. त्याच क्षणी माझी जीभ कामाला लागली. काल ती कॉलेजातून उशिरा आली होती. डोळे लाल होते, मी म्हटलं जागरण. एवढं एक वळण, इतकं सुंदर काम, प्रयोगशाळेत भोवती थंड पाणी वाहायला लागलं की ते दिसणारही नाही.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो. "उस्तादांना जमलं नसतं."

तिने पाठीमागचे हात सोडले. माझ्या हातातून शीतक घेतलं, नखाने टिचकी मारली, आणि ते गायलं, लांबपर्यंत, धड. आवाज पूर्ण विरेपर्यंत ती थांबली. मग मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. मला मुखवट्याच्या पट्ट्याचा आवाज आला, हातमोज्यांचा आला, आणि मग तो एक फटका, एकच, आणि नंतर खूप वेळ बारीक बारीक काच खाली येत राहिल्याचा. मी बाकाच्या कडेला हात घट्ट धरून बसलो. जळलेल्या तळव्याला कड टोचत होती आणि मी ती आणखी टोचून घेत होतो.

ती बाहेर आली तेव्हा भुवईवरचा व्रण पांढरा पडला होता आणि हातांना तो जुना कंप होता, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"काल मैत्रिणीकडे ओढलं. दोनदा. आज येताना एकदा," ती म्हणाली. "संध्याकाळी आईला सांगणार आहे, आणि त्या शिंकणाऱ्या बाईंना फोन करणार आहे. तुम्ही बाकी कशाबद्दलही थापा मारा, आजोबा. काचेबद्दल नाही."

मी मान हलवली. मान हलवणं एवढंच खरं मला त्या वेळी करता आलं. तिने काचेची नवी नळी घेतली, रबरी नळी जोडली, तोंडाकडचं टोक सदऱ्याला पुसलं, पण ज्योत पेटवली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि डोळे मिटले.

"सुरू करा," ती म्हणाली. "मोठी सांगा. आज मोठी लागेल."